स्वखुशीने

फेब्रुवारी २०२५ मध्ये मी माझे डावे मूत्रपिंड धाकट्या बहिणीला दिले. शाळेत, गावात आणि नात्यागोत्यात हे वाक्य इतक्या वेळा आणि इतक्या कौतुकाने उच्चारले गेले की, त्याआधीचे सात महिने घडलेच नव्हते असे आता वाटू लागते. त्या सातांपैकी पहिले साडेतीन महिने मी काहीही केले नव्हते. मला लिहायचे आहे ते त्या काळाविषयी, आणि त्यानंतर ज्या चौकशीतून मला जावे लागले तिच्याविषयी.

बहीण तेव्हा ४१ वर्षांची होती आणि मी ४८ वर्षांचा. आमचे गाव सातारा जिल्ह्यात, तिचे सासर सोलापूर जिल्ह्यात. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचा रक्तदाब वाढलेलाच राहिला होता. त्याकडे तिने फारसे लक्ष दिले नाही आणि आम्हीही दिले नाही. २०२३ च्या आषाढात पायांवर सूज चढली म्हणून तिला दवाखान्यात नेले, तेव्हा दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झालेली होती. हातातली धमनी आणि शीर जोडून, म्हणजे फिस्टुला करून, आठवड्यातून दोनदा, दर वेळी चार तास, डायलिसिस सुरू झाले. राज्याच्या जनआरोग्य योजनेमुळे डायलिसिसचे पैसे पडत नव्हते. पण चाळीस किलोमीटर जाणे-येणे, बरोबर येणाऱ्याचा बुडालेला दिवस आणि घरी परतल्यावर स्वयंपाकघरात तिची वाट पाहणारी कामे यांचा हिशोब कुठल्याच योजनेत होत नाही.

जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या रुग्णालयात डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा विषय काढला. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार जवळचे नातेवाईक कोण, हे त्यांनी सावकाश सांगितले : पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडे. वहिनी, दीर, मामा, चुलते या यादीत नाहीत. त्यांना द्यायचे असेल तर ते केवळ जिव्हाळ्यापोटी देत आहेत हे प्राधिकार समितीपुढे सिद्ध करावे लागते. एवढे सांगून त्यांनी विचारले, “घरातून कोण तपासणी करून घेणार?”

आईने लगेच सांगितले, “मी देते.” ती ६६ वर्षांची होती. तिने हो म्हटले आणि त्या खोलीतल्या आम्हा सगळ्यांचे खांदे सैल झाले. माझेही झाले, हे मला स्पष्ट आठवते. डॉक्टरांनी उच्चारलेल्या यादीत ‘भाऊ’ हा शब्द होता आणि तो मी ऐकला होता.

पुढचे साडेतीन महिने आईची फाइल वाढत गेली. तिचा रक्तगट ओ आणि बहिणीचा बी, म्हणजे गटाची अडचण नव्हती. मग ऊतींची जुळणी, चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवून देणे, साखरेची तपासणी, छातीचे फोटो, हृदयाची सोनोग्राफी आणि प्रत्येक मूत्रपिंड किती काम करते हे पाहणारा डीटीपीए स्कॅन. प्रत्येक वेळी पहाटेची एसटी धरून मीच तिला पुण्याला नेत असे, तिच्या शेजारी बसत असे, तिची फाइल हातात धरत असे. मी धावपळ करतो आहे असे सगळ्यांना दिसत होते आणि मलाही तसेच वाटत होते. खरे पाहता मी त्या फाइलच्या आड उभा होतो.

रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयक बाईंनी एके दिवशी आईला एकटीला आत बोलावले. मीही उठलो, तर त्यांनी हाताने मला थांबवले. आई पाऊण तासाने बाहेर आली. “काय विचारत होत्या?” असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “काही नाही रे, घरी कोण कोण असतं, जेवण कोण करतं, असलंच.” याहून अधिक तिने काही सांगितले नाही. दाता स्त्री असेल तर अधिक दक्षता घ्यावी आणि तिची ओळख व स्वतंत्र संमती यांची खातरजमा रुग्णाव्यतिरिक्त दुसऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावी, असे २०१४ च्या नियमांत लिहिलेले आहे, हे मला पुढे कळले. हा नियम का करावा लागला, हे कळायला मात्र त्या विभागाबाहेरच्या बाकांवर एक सकाळ बसणे पुरेसे होते. नवऱ्याला मूत्रपिंड देणाऱ्या बायका, मुलाला देणाऱ्या आया, आणि एक बहीण. ज्यांना मिळायचे होते त्यांत माझी बहीण सोडली तर सगळे पुरुष होते. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेची, म्हणजे नोटोची, आकडेवारीही तेच सांगते : २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशातल्या जिवंत दात्यांपैकी शंभरात जवळपास ६४ स्त्रिया होत्या, आणि ज्यांना अवयव मिळाले त्यांत स्त्रिया शंभरात सुमारे ३० होत्या. पुरुष मिळवते असतात, त्यांच्यात काही आजार अधिक आढळतात, अशी कारणे दिली जातात आणि त्यांत तथ्यही असेल. पण आमच्या घरात आईच्या आधी माझे नाव कोणाच्याच तोंडी आले नाही, याला मी घरातला मिळवता होतो एवढेच कारण पुरेसे नव्हते.

ऑक्टोबरात आईच्या रक्तातली साखर मर्यादेबाहेर आढळली आणि स्कॅनचा आकडाही पुरेसा नव्हता. तिला नकार मिळाला. त्याच सुमारास दाजींचीही, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याची, तपासणी झाली. त्यांचा रक्तगट बी होता. पंधरा दिवसांनी एवढेच कळले की, ते दाता म्हणून योग्य नाहीत. का, ते कोणी सांगितले नाही. शेतात दिवसभर राबणारा पंचेचाळिशीचा धडधाकट माणूस अयोग्य कसा ठरतो, असा प्रश्न आमच्या भावकीत उघडपणे विचारला गेला. मलाही त्यांचा राग आला. मी तो बोलून दाखवला नाही, पण दिवाळीत त्यांच्याशी धड बोललोही नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी समन्वयक बाईंना फोन करून माझे नाव दिले. धैर्य आले म्हणून दिले असे म्हणता येणार नाही. पुढे उभे राहायला दुसरे कोणी उरले नव्हते.

त्यांनी मलाही एकट्यालाच बोलावले. सुरुवातीला प्रक्रिया समजावली : शस्त्रक्रियेत कोणते धोके असतात, उरलेले एक मूत्रपिंड कसे हळूहळू जास्त काम करू लागते, आयुष्यभर रक्तदाब का तपासत राहावे लागेल, वेदनाशामक गोळ्या मनाने का घ्यायच्या नाहीत. मग फाइल मिटून त्या म्हणाल्या, “सर, तुमच्या तपासण्यांचा तपशील आम्ही तुमच्या बहिणीला किंवा घरच्यांना सांगणार नाही. तुम्हाला कोणत्याही टप्प्यावर, अगदी शस्त्रक्रियेच्या सकाळीसुद्धा, माघार घेता येते. त्याचे कारण मला द्यावे लागणार नाही. बाहेर आम्ही फक्त एवढेच सांगू की, तुम्ही दाता म्हणून योग्य नाही.”

हे वाक्य मी आधी ऐकले होते. दाजींबद्दल आम्हाला जे सांगितले गेले होते, ते शब्दशः हेच होते.

मी बराच वेळ काही बोललो नाही. दाजींच्या मूत्रपिंडात खरोखर दोष असेल, त्यांना एखादा आजार असेल जो त्यांनी कोणाला सांगितलेला नाही, किंवा त्यांनी याच खुर्चीवर बसून ‘मला जमणार नाही’ असे म्हटले असेल. यांपैकी काय खरे, हे मला कधीही कळणार नाही. मला ते कळू नये, यासाठीच ही पद्धत ठेवलेली आहे. नकार देणाऱ्याला घरी परत जाऊन त्याच माणसांत राहायचे असते. नकाराची शिक्षा होणार असेल, तर होकाराला काही किंमत राहत नाही. आईलाही ही खोली आणि हे वाक्य मिळाले होते, आणि तरीही ती पुढच्या तपासण्यांना येत राहिली होती. ती पाऊण तास आत काय बोलली असेल, हे मी तिला आजतागायत विचारलेले नाही.

त्या दिवशी मला हेही जाणवले की, कायद्याची ही सारी यंत्रणा पैशाचा व्यवहार पकडण्यासाठी जेवढी नेटकी बांधलेली आहे, तेवढी ती घरातला दाब ओळखण्यासाठी नाही. व्यापारी व्यवहाराला पाच ते दहा वर्षांचा तुरुंगवास आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे. उंबरठ्याच्या आत, एका शब्दाचीही देवाणघेवाण न होता, ‘तूच देणार’ हे जे ठरून जाते, त्याला कोणते कलम लावणार? त्यासाठी एक बंद दार आणि ऐकणारे एक माणूस एवढाच उपाय आहे, आणि तो त्या माणसाच्या कळकळीवर अवलंबून आहे. आम्हाला तसे माणूस मिळाले.

कागदपत्रांनी महिना खाल्ला. भाऊ-बहीण आहोत हे आम्हाला सिद्ध करायचे होते, आणि गावच्या जन्मनोंदवहीत बहिणीच्या जन्मतारखेपुढे नावच नव्हते, फक्त ‘स्त्री’ अशी नोंद होती. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे, आणि विवाहनोंदणी कधी झालीच नव्हती. ती आता करावी लागली. जुनी शिधापत्रिका, वडिलांच्या मृत्यूनंतरचा वारस दाखला, प्रतिज्ञापत्रे, आणि आम्ही दोघे इतर नातेवाइकांबरोबर एकत्र दिसू असा एक कौटुंबिक फोटो. तिच्या लग्नातला फोटो सापडला, ज्यात मी तिचा मामा आणि आई यांच्यामध्ये उभा आहे. या काटेकोरपणाचा मला त्रास झाला, पण राग आला नाही. २०२२ मध्ये पुण्यातल्या एका प्रकरणात कोल्हापूरच्या एका महिलेला रुग्णाची पत्नी म्हणून उभे केले गेल्याचे उघडकीस आले होते. १५ लाख रुपयांचे आमिष दाखवले आणि ते पैसे पूर्ण दिले नाहीत, अशी तिची तक्रार होती. कागद तपासणारा माणूस ढिला पडला की, कोणाच्या पोटाला चिरा पडतो, हे त्यानंतर वेगळे सांगायला नको.

पत्नीच्या संमतीचा मुद्दा मी येथे मुद्दाम लिहितो. जोडीदाराची संमती कायद्याने बंधनकारक नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका विवाहित मुलीच्या प्रकरणात सांगितले आहे; तरीही रुग्णालये ती मागतात आणि आमच्या रुग्णालयानेही मागितली. मी घरी येऊन तो कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो वाचला आणि विचारले, “हे मला विचारायला आणलंय, की सांगायला?” आमची मुलगी तेव्हा बारावीत होती, घरावर कर्ज होते आणि मी एकटा मिळवता होतो. महिनाभर तपासण्या करून घेतल्यावर मी तिला विचारत होतो, म्हणजे विचारत नव्हतोच. आईच्या बाबतीत जे घडले, तेच मी तिच्या बाबतीत करत होतो. मी तो कागद परत घेतला आणि समन्वयक बाईंना सांगून तिची स्वतंत्र भेट ठरवली. तिने नंतर सही केली. तिला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत मी एकदाही विषय काढला नाही, आणि माझ्या या सगळ्या प्रवासात समाधानाने सांगावी अशी बहुधा तेवढीच एक गोष्ट आहे.

जानेवारीत रुग्णालयाच्या सक्षम प्राधिकाऱ्यांपुढे आमची मुलाखत झाली. प्रत्यारोपण करणारे डॉक्टर यात असू शकत नाहीत, असा नियम आहे. संपूर्ण संभाषणाचे चित्रीकरण झाले. उत्पन्न किती, कर्ज किती, बहिणीला शेवटचे कधी भेटलात, तिच्या मुलांची नावे काय, शस्त्रक्रियेनंतर तुमची काळजी कोण घेणार, असे प्रश्न विचारले गेले. मग विचारले, “तुम्हा दोघांत गेल्या काही वर्षांत जमीन, घर, पैसे असा काही व्यवहार झाला आहे का?”

मी म्हणालो, “हो. २०१६ मध्ये बहिणीने हक्कसोडपत्र करून दिले.”

वडील वारल्यानंतर सातबाऱ्यावर तिघांची नावे लागली होती. आमच्याकडे बहिणी हक्क सोडतात. ती रीतच आहे, आणि जी सोडत नाही तिला माहेर उरत नाही, हे कोणी बोलून न दाखवता प्रत्येक मुलीला माहीत असते. तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात तिने सही केली, अंगठा दिला, फोटो काढला. दस्तात लिहिले होते : ‘स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय व कोणताही मोबदला न घेता.’ दुपारी आम्ही सगळे जेवलो आणि संध्याकाळच्या गाडीने ती सासरी गेली. सव्वा एकर बागायत जमीन होती ती.

प्राधिकाऱ्यांनी तारीख लिहून घेतली. व्यवहार जुना आहे, दाताच लाभार्थी होता, आणि त्याचा आजच्या देण्याशी संबंध दिसत नाही, असे त्यांनी नोंदवले असावे. मग माझ्यापुढे अर्ज आला. त्यावर सही करताना मी वाचले की, मी हे मूत्रपिंड स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय व मोबदल्याशिवाय देत आहे. शब्द जवळपास तेच होते. माझ्या त्या वाक्यामागे दोन महिन्यांच्या भेटी, मानसोपचारतज्ज्ञांचा दाखला, चित्रीकरण आणि शेवटच्या क्षणापर्यंत उघडा ठेवलेला नकाराचा मार्ग होता. तिच्या वाक्यामागे काय होते? निबंधकांच्या टेबलापुढची दोन मिनिटे, आणि पाठीशी उभा असलेला मी.

शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात सांगतो. बहुधा डावे मूत्रपिंड घेतात, कारण त्याची शीर लांब असते आणि जोडायला सोपी जाते. माझेही तेच घेतले. ते दुर्बिणीने काढले. दुसऱ्या दिवशी चाललो, पाचव्या दिवशी घरी गेलो. बहिणीच्या उजव्या ओटीपोटात ते बसवले गेले आणि तिथल्या तिथे त्याने काम सुरू केले. माझा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्तातला आकडा, ०.९ वरून १.३ वर गेला आणि तेथेच स्थिर आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना अवयवदानासाठी एप्रिल २०२३ पासून ४२ दिवसांची विशेष रजा मिळते. माझे दिवस माझ्या वैद्यकीय रजेतून गेले. दात्याला मोबदला नसावा, हे मला पूर्ण मान्य आहे, पण देणाऱ्याला पदरचे घालावे लागू नये, ही वेगळी गोष्ट आहे आणि तिची तरतूद सर्वांसाठी सारखी असायला हवी. मी शिक्षक आहे, मला पगारी रजा होती. रोजंदारीवरच्या माणसाने सहा आठवडे काय खायचे?

डायलिसिसच्या त्या दीड वर्षात बहिणीबरोबर एकाच पाळीत आठ जण होते. मेंदूमृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रात बहिणीचे नाव नोंदवलेले होते. ती यादी गुणांवर चालते. डायलिसिसचा प्रत्येक महिना हिशोबात धरला जातो, आणि पैसे किंवा ओळख तिथे कामाला येत नाहीत, असे मला जे समजावले गेले त्यावर माझा विश्वास आहे. पण त्या यादीत शिरण्यासाठी आधी प्रत्यारोपणाची मान्यता असलेल्या रुग्णालयात जावे लागते, तपासण्यांचा खर्च करावा लागतो, आणि फोन आला की, रात्री-अपरात्री पुणे गाठण्याची तयारी ठेवावी लागते. जनआरोग्य योजनेतून मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी साडेचार लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. आमचा खर्च त्याहून पुढे गेला, आणि नंतरच्या गोळ्या, ज्या मूत्रपिंड टिकेपर्यंत एक दिवसही चुकवायच्या नाहीत, त्यांना पहिल्या वर्षी महिन्याला बारा-तेरा हजार रुपये लागत होते. त्या आठ जणांपैकी यादीत नाव होते फक्त तिघांचे. शेतमजुरी करणारी एक बाई होती, बहिणीच्याच वयाची; तिचे नाव कुठेच नव्हते, कारण तिला पुण्याला घेऊन जाणारे कोणी नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये नोटोने प्रतीक्षायादीतल्या स्त्रियांना प्राधान्य देण्याची सूचना राज्यांना केली, तेव्हा मला तिची आठवण झाली. त्या सूचनेचे मी मनापासून स्वागत करतो. पण जिचे नाव यादीपर्यंत पोचलेले नाही, तिच्यापर्यंत ती कशी पोचणार?

या वर्षी भाऊबिजेला बहिणीकडे गेलो होतो. दाजींनी तिच्या गोळ्यांच्या वेळा फोनवर लावून ठेवल्या आहेत. सकाळी आणि रात्री आठ वाजता तो वाजतो आणि ते हातातले काम टाकून पाण्याचा पेला घेऊन येतात. जेवणानंतर आम्ही दोघे ओसरीवर बसलो असताना ते म्हणाले, “त्या वेळी माझं…” आणि थांबले. मी म्हणालो, “दाजी, राहू द्या. मला सांगायची गरज नाही.” ते काही वेळ गप्प बसले आणि मग कांद्याच्या रोपांविषयी बोलू लागले.

निघण्यापूर्वी मी बहिणीला स्वयंपाकघरात एकटीला गाठून सांगितले की, तिच्या वाट्याची सव्वा एकर मी बक्षीसपत्राने तिच्या नावे करून देऊ इच्छितो, याबद्दल माझ्या पत्नीशी बोलणे झाले आहे आणि तिचीही तयारी आहे. घाई नाही, आणि नको असेल तर तसे म्हण, त्याचे कारण देऊ नकोस, असेही सांगितले. ती बराच वेळ ओट्याकडे पाहत उभी राहिली. मग म्हणाली, “दादा, मला विचार करू दे.”

तिने अजून उत्तर दिलेले नाही. मी पुन्हा विचारलेले नाही.